कोलंबो : सारख्या भागांच्या तुलनेच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरलं. निमित्त काल रात्रीचं. 'कॉशन: मर्डर कॅन बी हॅझर्डस टू युअर हेल्थ' हा 'कोलंबो' या अमेरिकी गुप्तहेर टीव्ही मालिकेचा १९९१चा भाग लावला होता. अर्ध्यावर ताई म्हणाली, "अगं, हा पाहिलाय आपण. टेपच्या जोरावर सुटू बघतो तो ना?" मामा म्हणाले, "तो नव्हे. तो १९७५चा, 'प्लेबॅक'. त्यात जावई सासूला मारतो." ताई म्हणाली, "मग त्या नटाच्या भागात मॅचची टेप होती, तो कुठला?" तो तिसराच निघाला, १९७६चा 'फेड इन टू मर्डर'. एका युक्तीचे तीन भाग, आणि आम्ही तिघंही त्यांची सरमिसळ करत होतो.

तर काम असं : कोलंबोचे सगळे ६९ भाग एका तक्त्यात आणायचे आणि एकमेकांसारखे वाटणारे भाग शेजारी ठेवून बघायचं की सारखं नेमकं काय आहे. तक्ता ताई करणार. मामांनी मालिका सगळ्यांत जास्त वेळा पाहिली आहे, त्यामुळे शंका आली की त्यांना विचारायचं. दादा दर आठवड्याला येऊन आम्ही लिहिलेलं तपासणार. नोंदी माझ्याकडे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यात खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवतात. पोलीस खात्यातला लेफ्टनंट कोलंबो उशिरा येतो, चुरगळलेला रेनकोट घालून, आणि पुढचा सगळा वेळ 'हा पकडला कसा जाणार' यातच जातो. त्यामुळे दोन भागांची तुलना करताना खुनी कोण हा मुद्दाच उरत नाही. उरतं ते एवढंच : खुन्याने काय रचलं, त्यात फट कुठे राहिली आणि कोलंबो त्या फटीतून आत कसा शिरला. म्हणूनच ही मालिका तुलनेला इतकी सोयीची आहे.

तक्त्याचे रकाने ठरले : खुनाची पद्धत, अ‍ॅलिबी (खुनाच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा दावा), पहिली खटकलेली गोष्ट, अखेरचा पुरावा, सापळा. नट तोच किंवा खुन्याचा धंदा तोच, एवढ्यावरून दोन भागांना सारखं म्हणायचं नाही, असा नियम मामांनी घातला. जॅक कॅसिडी तीनदा खुनी झाला आणि पॅट्रिक मॅकगुअन चारदा, पण त्यावरून ते भाग एकसारखे होत नाहीत.

९ जानेवारी

'प्लेबॅक' पुन्हा पाहिला. ऑस्कर वर्नरने साकारलेला हॅरल्ड व्हॅन विक हा इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा प्रमुख, घरभर कॅमेरे. सासूला गोळी घालतो आणि तो प्रसंग टेपवर घेतो. मग टायमर लावून कलादालनातल्या समारंभाला जातो. तो तिथे पोचल्यावर ती टेप पहारेकऱ्याच्या पडद्यावर सुरू होते. पहारेकरी शपथेवर सांगणार, खून आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत झाला.

आता तो शेवट. कोलंबो टेप थांबवून चित्र मोठं करतो. टेबलावर एक कागद पडलेला दिसतो. ते कलादालनाचं निमंत्रण आहे, आणि ते दाखवल्याशिवाय दालनात प्रवेश नव्हता. पडद्यावर खून होतोय तेव्हा निमंत्रण टेबलावर, म्हणजे तो माणूस अजून घरातून निघालेलाच नाही. मी इथे तीनदा मागे जाऊन पाहिलं. निमंत्रण लपवलेलं नाही. आपणही ते पहिल्यांदा पाहतो आणि आपल्या डोक्यात शिरत नाही, हे मला फार आवडलं. लेखकाने आपल्यापासून काही चोरलेलं नाही.

अखेरच्या पुराव्याच्या रकान्यात लिहिलं : 'टेपमध्येच होतं.'

१२ जानेवारी

उरलेले दोन्ही भाग एका बैठकीत.

'फेड इन टू मर्डर'मध्ये विल्यम शॅटनर टीव्हीवरच्या गुप्तहेराचं काम करणारा नट आहे. मित्राला गुंगीचं औषध देतो, बेसबॉलची मॅच रेकॉर्डरवर भरून ठेवतो, खून करून परत येतो, मित्राला उठवून मॅच 'चालू' दाखवतो आणि घड्याळाचे काटे फिरवतो. १९७६ साली घरात व्हिडिओ रेकॉर्डर ही चैनीची वस्तू होती. बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते यंत्र पाहिलेलंही नसणार, म्हणून त्या युक्तीत तेव्हा जी चमक होती ती आज आपल्याला मुद्दाम आठवून घ्यावी लागते. पण गंमत म्हणजे नट अडकतो तो टेपमुळे नाही. पिस्तूल पुसून ठेवतो, आत भरलेली खोटी काडतुसं पुसायची राहतात, आणि त्यांवर त्याच्या बोटांचे ठसे असतात.

'कॉशन'मध्ये जॉर्ज हॅमिल्टन गुन्हेगारीवरच्या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रसंचालक आहे. इथे पुन्हा टेप, पुन्हा टेपमध्येच चूक : चित्रात दिसणारी झुडपं आणि त्या दिवशीची खरी झुडपं जुळत नाहीत. निमंत्रणाच्या जागी झुडूप आलं, एवढाच फरक.

म्हणजे युक्ती बघितली तर तिघं सारखे, आणि पुरावा बघितला तर दोनच सारखे. 'फेड इन' वेगळा पडतो. ताईने तक्त्यात रंग भरायला घेतले आणि तिच्या लक्षात आलं की अ‍ॅलिबीच्या रकान्याला एक रंग येतो आणि पुराव्याच्या रकान्याला दुसराच. दादा म्हणाला, "मग तुम्ही आजवर चुकीच्या रकान्यावरून भाग सारखे म्हणत होतात." बरोबर आहे त्याचं. आपल्या लक्षात राहते ती खुन्याची युक्ती, कारण ती आपण सुरुवातीला सविस्तर पाहतो. पण भागाचं रूप ठरतं ते शेवटाने.

१३ जानेवारी

तक्ता बिघडला. ताईने भागांना क्रमांक दिले होते, पण १९६८चा 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' आणि १९७१चा 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन' हे सुरुवातीचे दोन टीव्हीपट मोजले नव्हते. पुढचे सगळे क्रमांक दोनाने सरकले आणि माझ्या नोंदी भलत्याच ओळींना चिकटल्या. आता क्रमांक काढून टाकले. प्रथम प्रक्षेपणाची तारीख हीच ओळख. जुने ४५ (ते दोन धरून, १९७८पर्यंत), मग १९८९ ते २००३ मधले २४. बेरीज ६९. जुळली.

१९ जानेवारी

आठवडाभर किरकोळ जोड्या. जादूगारांचे दोन भाग (१९७६ आणि १९८९) : धंदा सोडला तर काही सारखं नाही, खोडले. मानसोपचारतज्ज्ञांचे 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' आणि 'अ डेडली स्टेट ऑफ माइंड' : तेही खोडले. दुसऱ्यातला आंधळ्या साक्षीदाराचा शेवट मात्र इतका सुरेख आहे की त्याला जोडी नाही मिळाली याचा आनंदच झाला.

१९९०चा दंतवैद्याचा 'अनीझी लाइज द क्राउन' हे वेगळंच प्रकरण. त्याचं कथानक १९७७ साली 'मॅकमिलन' या दुसऱ्या गुप्तहेर मालिकेत येऊन गेलेलं, लेखक दोन्हीकडे स्टीव्हन बोच्को. ही खरी पुनरावृत्ती. हिच्याशी ताडून बघितलं तर आपण कोलंबोच्या भागांना उगीच 'तेच ते' म्हणतो हे कळतं.

२६ जानेवारी

परवा मामांनी नवा रकाना मागितला : 'खुन्याने पुरावा कुठे पेरला?' कारण बरेच खुनी नुसते लपत नाहीत, दुसऱ्याला अडकवतात. वड्याचं तेल वांग्यावर. सुरुवात 'सुटेबल फॉर फ्रेमिंग'पासून केली, १७ नोव्हेंबर १९७१.

कलासमीक्षक डेल किंगस्टन काकांना मारतो. संग्रह त्याला मिळणार नाही, काकूंना मिळणार. मग तो काकूंनाच गुन्हेगार ठरवायला निघतो. चोरीला गेलेली म्हणून दाखवलेली, देगा या फ्रेंच चित्रकाराची दोन पेस्टल चित्रं काकूंच्या घरी पेरायची, पोलिसांना ती तिथे सापडायची, संपलं. याआधी एका रात्री तो ती चित्रं पिशवीत घालून घरी येतो, तर घरात कोलंबो बसलेला. कोलंबो कुतूहलाने पिशवीत हात घालतो. किंगस्टन पिशवी हिसकावून घेतो. सगळं सेकंदात होतं. पाहणाऱ्याला वाटतं, थोडक्यात वाचला!

शेवटी काकूंच्या घरी चित्रं सापडतात. त्यांच्यावर ठसे आहेत आणि ते कोलंबोचे आहेत. किंगस्टन लगेच म्हणतो, आत्ताच हात लावला असेल तुम्ही, हा बनाव आहे. कोलंबो रेनकोटच्या खिशातून हात बाहेर काढतो. दोन्ही हातांत मोजे. एक शब्द नाही. तिथेच चित्र थांबतं.

हा शेवट मी आज चौथ्यांदा पाहिला. कोलंबोच्या सगळ्या शेवटांत हा मला सगळ्यांत वरचा वाटतो, आणि कारण आज नीट कळलं. बाकी भागांत तो काहीतरी शोधून काढतो, इथे तो स्वतःच पुरावा आहे. त्याची बोटं. खुन्याने ज्या चित्रांवर दुसऱ्याचं नाव लिहायचं ठरवलं, त्यांवर तपास करणाऱ्याचंच नाव उमटलेलं आहे.

२ फेब्रुवारी

'अ फ्रेंड इन डीड', ५ मे १९७४. खुनी उपायुक्त मार्क हॅल्परिन (रिचर्ड कायली), म्हणजे कोलंबोचा वरिष्ठच. शेजाऱ्याने बायकोला मारलं ते हा चोराच्या माथी मारतो, मग स्वतःच्या बायकोला टबात बुडवून पोहण्याच्या तलावात टाकतो. तिच्या फुप्फुसातल्या पाण्यात साबण सापडतो, कोलंबोला तेवढं पुरे. पण साहेबांवर आरोप करणार कोण? साहेब तर रोज आज्ञा देतायत, तो चोर पकडा.

कोलंबो चोराच्या फाइलीत एक पत्ता घालतो. हॅल्परिन चोरीला गेलेले म्हणून दाखवलेले दागिने त्या पत्त्यावर नेऊन पेरतो, मग झडतीला स्वतः हजर राहतो. दागिने सापडतात. आणि ती खोली कोलंबोने भाड्याने घेतलेली असते. तो पत्ता फक्त हॅल्परिनच्या हाती पडला होता.

इथे दादाने हरकत घेतली. त्याच्या मते हा भाग 'डेथ लेंड्स अ हँड' (१९७१) शेजारी बसायला हवा. त्यात रॉबर्ट कल्पने साकारलेला खासगी गुप्तहेर कॉन्टॅक्ट लेन्स शोधायला मोटारीच्या डिकीत हात घालतो आणि पकडला जातो. दोन्हीकडे खुनी स्वतः चालत सापळ्यात येतो. दीड तास वाद चालला. शेवटी मामांनी तोडगा काढला : एक खुनी पुरावा उचलायला येतो, दुसरा ठेवायला येतो. उचलायला येणारा घाबरलेला असतो, ठेवायला येणारा निर्धास्त असतो. सापळा रचताना कोलंबोला पहिल्याच्या भीतीवर भिस्त ठेवावी लागते आणि दुसऱ्याच्या आत्मविश्वासावर. म्हणून दोन वेगळे रकाने, 'उचलणे' आणि 'ठेवणे'. दादा तयार झाला. मला हा या प्रकल्पातला सगळ्यांत कामाचा फरक वाटतो.

९ फेब्रुवारी

'ठेवणे' या रकान्यासाठी 'कोलंबो गोज टू कॉलेज', डिसेंबर १९९०. दोन श्रीमंत विद्यार्थी प्राध्यापकाला मारतात. वाहनतळावरच्या गाडीत बसवलेली बंदूक, सोबत कॅमेरा, वर्गात बसून रिमोटने झाडलेली गोळी. आणि वर्गात शिकवायला त्या वेळी खुद्द कोलंबो. (यातल्या एका मुलाचा वकील बाप म्हणून रॉबर्ट कल्पच आहे, जुना तीन वेळचा खुनी. त्याला पाहून मामांचा चेहरा खुलला.)

पोरं कोलंबोला मदत करतोय असं दाखवत राहतात. तो त्यांना एका संशयिताबद्दल आणि त्याच्या गाडीबद्दल सांगतो. बंदूक त्या गाडीत सापडते. गाडी कोणाची? कोलंबोच्या बायकोची.

ताई तक्ता भरता भरता थांबली. म्हणाली, "वरून खाली वाच." वाचलं. १९७१ : त्याचे हात. १९७४ : त्याची खोली. १९९० : त्याच्या बायकोची गाडी.

तिन्ही वेळा खुनी दुसऱ्याच्या दारात टाकायचा पुरावा कोलंबोच्या दारात नेऊन टाकतो. अख्ख्या मालिकेत जी बायको एकदाही दिसत नाही, जिच्या नुसत्या गोष्टी तो सांगत असतो, तिची गाडी तिथे असणं हे मला आज एकदम वेगळं वाटलं. सगळ्याच खुन्यांना तिच्या गप्पांचा कंटाळा येतो. तो काय बोलतो ते ऐकणं त्यांनी सोडून दिलेलं असतं.

११ फेब्रुवारी

सकाळी मामांचा फोन. "बाळा, एक राहिला. 'स्टिच इन क्राइम' कुठे टाकलायस?" मी म्हटलं, "वैद्यकीय खुनांत, मामा. त्यात कोणाला अडकवत नाहीत." म्हणाले, "शेवट बघ आणि मग सांग."

फेब्रुवारी १९७३चा भाग. लेनर्ड निमॉयने साकारलेला डॉ. मेफील्ड हृदयाच्या शस्त्रक्रियेत विरघळणारा धागा वापरतो, म्हणजे रुग्ण (त्याचा संशोधनातला जोडीदारच) काही दिवसांनी आपोआप मरेल आणि संशोधनाचं श्रेय एकट्याला मिळेल. थंड डोक्याचा माणूस. समोर हसतो. कोलंबो सहसा चिडत नाही, पण या भागात तो टेबलावर भांडं आपटतो. शेवटी दुसरी शस्त्रक्रिया करून मेफील्डला तो धागा काढून घ्यावा लागतो. झडती होते, धागा कुठेच नाही. कोलंबो हरून निघून जातो. मग परत येतो. त्याला एक गोष्ट खटकलेली असते : इतका शांत माणूस शस्त्रक्रियागृहात आपल्यावर एकदम कसा भडकला, आपल्याला ढकललं का? आणि अंगावरच्या शस्त्रक्रियेच्या झग्याच्या खिशात तो हात घालतो.

धागा तिथेच.

मी फोन लावला आणि नुसतं "हो मामा" एवढंच म्हटलं. आम्ही इतके दिवस 'अडकवणे' हा शब्द धरून शोधत होतो म्हणून हा भाग सुटला. मेफील्डला कोणाला अडकवायचं नव्हतं, त्याला लपवायचं होतं. पण लपवायला जगातली सगळ्यांत सुरक्षित जागा त्याला कोणती वाटली? या माणसाचा खिसा. ज्याला आपण मोजतच नाही, त्याची झडती कोण घेणार?

रांग आता अशी : हात, खिसा, खोली, बायकोची गाडी. वर्षं १९७१, १९७३, १९७४, १९९०.

१६ फेब्रुवारी

दादा आला आणि त्याने नेमका हवा तो प्रश्न विचारला : हे खरंच आहे, की शोधल्यावर सापडतंच तसं? चार भागांचे लेखक काढले. जॅक्सन गिलिस, शर्ल हेंड्रिक्स, पीटर एस. फिशर, जेफ्री ब्लूम. चौघं वेगळे. एकाच लेखकाने आपली आवडती युक्ती चार वेळा वापरली, असं नाही म्हणता येत. मला वाटतं हे त्या पात्रातूनच येतं. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी घडवलेला हा माणूस असा आहे की समोरच्याची नजर त्याच्यावरून घसरते. एकदा असं पात्र मिळालं की चांगला लेखक कधी ना कधी इथे पोचणारच : पुरावा अशा जागी असू दे, जिकडे खुनी बघत नाही. आणि खुनी एका माणसाकडे कधीच बघत नाही.

दादाला हे पूर्ण पटलं नाही. तो म्हणतो चार भागांवरून एवढं बोलू नये. त्याचं मत तसंच नोंदवून ठेवते.

मग त्यानेच उलट बाजूचा भाग पुढे केला : 'डॅगर ऑफ द माइंड', १९७२, लंडनमधला. तिथे तुटलेल्या माळेचा मोती छत्रीत सापडतो आणि खुनी नवरा-बायको कोसळतात. पण तो मोती कोलंबोनेच उडवून छत्रीत टाकलेला असतो. म्हणजे पेरणारा तोच.

हा भाग मला त्रास देतो आणि तो द्यायलाच हवा. बाकीच्या चारांत खुनी स्वतःच्या हाताने पुरावा नेऊन ठेवतो, कोलंबो फार तर जागा तयार ठेवतो. फाइलीतला खोटा पत्ता हाही सापळाच, पण दागिने हॅल्परिनने ठेवले, ते त्याच्याकडेच होते आणि म्हणूनच ते खरे पुरावे. लंडनचा मोती कुठूनच येत नाही, त्यातून काही सिद्ध होत नाही, तो फक्त घाबरवतो. मामा म्हणाले, "पण खुनी तर तेच होते ना?" होते. तरी मला तो शेवट कमी प्रतीचा वाटतो. वेगळा रकाना केला : 'कोलंबोने पेरलेलं'. तिथे तूर्त एकच ओळ आहे, आणि ती एकटीच राहावी असं मला मनापासून वाटतं.

२३ फेब्रुवारी

तक्ता साफ केला. 'अडकवणे' हे नाव गेलं. ताईने नवं नाव दिलं : 'कोलंबोच्या अंगावर'. त्याखाली चार ओळी. 'स्टिच इन क्राइम' वैद्यकीय गटातून इकडे आणला. टेपच्या तीन भागांचे दोन गट केले, 'फेड इन' काडतुसांसकट ठशांच्या रकान्यात गेला, म्हणजे योगायोगाने देगाच्या चित्रांच्या शेजारी.

अजून २२ भाग पुन्हा पाहायचे आहेत, बहुतेक १९८९नंतरचे. रात्री सगळे गेल्यावर मी 'सुटेबल फॉर फ्रेमिंग'चा शेवटचा प्रसंग परत लावला आणि या वेळी फक्त कोलंबोच्या हातांकडे पाहत राहिले. खिशात. किंगस्टन बोलतोय, सगळे त्याच्याकडे बघतायत. हात खिशातच.